दोन पाटे जास्त

सोमवार, ३ मार्च

ही डायरी टँकर-ट्रान्सपोर्टवाल्याने जानेवारीत भेट दिली. आतापर्यंत मी तिच्यावर चहाचा पेला ठेवत होतो. आज लिहायला घेतली, कारण मला एक गोष्ट सांगायची आहे आणि आमच्या घरात कोणाला काही सांगितलं की लगेच उत्तर येतं. वही उत्तर देत नाही.

दीपाला पुण्याच्या कंपनीचं नोकरीचं पत्र आलं. दोन मेला हजर व्हायचं. मी बोईसरच्या नवापूर नाक्यावरच्या आमच्या दुकानापासून थेट दांडीच्या बंदरापर्यंत पेढे वाटले. "माझी पोरगी चालली पुण्याला!" असं सगळ्यांना ओरडून सांगितलं. मग दुकानात परत येऊन भट्टी पेटवली आणि धुरात जाऊन उभा राहिलो. भट्टीत तेव्हा तापवायला काहीच नव्हतं.

मी पुंडलिक पागधरे. चौतीस वर्षं टँकर-ट्रकचे कमानपाटे बनवतो. बाप होडीवर गेला, मी लोखंडावर आलो. दीपा डिप्लोमा करून तीन वर्षं माझ्याबरोबर दुकानात आहे. गाडीखाली जाऊन नुसता आवाज ऐकून कोणता पाटा तुटलाय ते सांगते. ती जाऊ नये असं मला वाटतं. पण लोक मुलींना शिकवून बाहेर पाठवतात आणि मी शिकवून घण मारायला ठेवू? असं कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून पेढे वाटले.

शनिवार, ८ मार्च

आज दुकानात घोळ आली. मासा नव्हे, मोटर. पण तशीच लांब, तशीच चकचकीत आणि मागे दोन उभे पंख. पालघरजवळच्या माहीमचे वाडीवाले कमलेश सावे यांच्या वडिलांची १९५७ची प्लायमाउथ. तोंड भट्टीजवळ आणलं तरी शेपूट रस्त्यावर. रिक्षावाले हॉर्न वाजवायचे सोडून फोटो काढत होते.

बुधा माझ्याकडे अठरा वर्षं घण मारतो. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "शेट, तुकड्या करायच्या का अख्खी सुकवायची?"

मागचे पाटे तुटलेत. गाडी मागून बसलीय, पाटावर जेवायला बसल्यासारखी. कमलेश म्हणाला, "पुंडलिकभाऊ, आई त्र्याऐंशीची आहे. मणक्याचं दुखणं आहे. तिला याच गाडीतून फिरायचंय, पण हाडं वाजता कामा नयेत. तुम्हाला जे करायचं ते करा. फक्त बाबांची गाडी आहे, कापू नका, वेल्डिंग करू नका. नटबोल्टवर काय बसेल ते बसवा."

मी म्हटलं, "पाटे बनवून देतो, पंधरा दिवसांत."

दीपा गाडीखालून म्हणाली, "बाबा, थांबा. दुसरेपण पर्याय हायेत."

गिऱ्हाइकासमोर! चौतीस वर्षांत मला कोणी गिऱ्हाइकासमोर थांबा म्हटलं नव्हतं.

मंगळवार, ११ मार्च

आज दीपाने दुकानाच्या फरशीवर खडूने गाडीचं मागचं अंग काढलं. बुधा अर्धा तास त्यावर पाय न देता चालत होता.

पाट्यांचं काम सरळ असतं. पोलादाच्या पट्ट्या एकावर एक, कमानीसारख्या वाकवलेल्या. त्या गाडीचं वजन पेलतात आणि मागची दोन चाकं जोडणारं जड लोखंड, ज्याला आम्ही हौसिंग म्हणतो, तेही जागेवर धरून ठेवतात. मी म्हटलं, "एकच बाई स्वयंपाकही करते आणि पोरंही सांभाळते, तसं."

हे उदाहरण द्यायला नको होतं. दीपा म्हणाली, "मग ती बाई दमते, बाबा. म्हणून कामं वाटून द्यायची. वजन गोल स्प्रिंगा पेलतील. हौसिंग धरायला दांड्या लावायच्या."

दांड्यांचेही प्रकार निघाले. चार दांड्या सरळ, दोन वर दोन खाली, आणि हौसिंग डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवी. किंवा वरच्या दोन तिरक्या लावायच्या, मग आडवीची गरज नाही, पण तिथे सायलेन्सरचा पाइप मध्ये येतो. किंवा दोनच लांब हात, थेट गिअरबॉक्सच्या खालपर्यंत, पण ते इतके खाली लोंबतील की माहीमचा पहिला गतिरोधकच ते काढून ठेवून घेईल. म्हणून ती म्हणते चार सरळ, एक आडवी, आणि सगळं पाट्यांच्याच जुन्या भोकांत बोल्टने बसवायचं.

मी म्हटलं, "चार नि एक पाच. माझे पाटे एकट्याने करतात त्याला तुला पाच जण लागतात."

ती हसली. गालावर खडू, केसात ग्रीस आणि डोळे असे चमकत होते की मला वाटलं, पुण्याला जायचा आनंद अजून उतरला नाही हिचा. वाईट वाटलं. पाट्यांची बाजू आणखी जोरात लावून धरली.

सोमवार, १७ मार्च

दुपारी दीपा दुकानामागे फोनवर बोलत होती. मी मुद्दाम ऐकलं नाही. फक्त पाण्याच्या टाकीमागे उभा होतो. ती म्हणाली, "हो सर, नीट विचार केलाय. घरीपण बोललेय आईशी. थँक यू सर." आवाज एकदम हलका झालेला.

म्हणजे पुणं नक्की. आईशी बोलली, बापाशी नाही. शकू आज बोंबील तळताना गात होती. पोरगी घर सोडून चालली आणि आई गाते! बायकांची मनं मला या जन्मी कळायची नाहीत.

मंगळवार, १८ मार्च

आज पैज लागली.

मी आणि दीपा माहीमला कमलेशच्या वाडीवर गेलो, पाटे की दांड्या याचा निकाल लावायला. ओट्यावर त्याची आई इंदुबाई बसली होती. आम्ही दोघं एकाच वेळी बोलायला लागलो, तशी तिने काठी आपटली.

"भाषणं नकोत. आमचे हे दारूबंदीच्या काळात या गाडीच्या डिकीत ताडीचं मडकं ठेवून पालघरला पाहुण्यांना पोचवायचे. मडकं गळ्यापर्यंत भरलेलं आणि वर माझी साडी झाकलेली. साडीला कधी डाग लागला नाही. तसंच करा. इथून पालघरच्या पुलापर्यंत जायचं नि यायचं. ज्याची ताडी कमी सांडेल त्याचं सामान गाडीला."

यापेक्षा चांगलं तपासणीचं यंत्र मी कुठल्याही कारखान्यात पाहिलेलं नाही. दांड्यांची फेरी आधी, कारण माझं पोलाद मागवायला वेळ लागणार. पाट्यांची नंतर.

येताना स्कूटरवर दीपा मागून म्हणाली, "बाबा, मी जिंकले तर माझ्या मनासारखं करायचं. तुमी अडवायचं नाय."

तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "आणि मी जिंकलो तर माझ्या मनासारखं."

"तुमच्या मनात काय हाय?"

"ते जिंकल्यावर सांगीन."

उमरोळीपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की ही पैज हरायची नाही. जिंकलो की सांगायचं, थांब. पैजेतली गोष्ट म्हणून सांगितलं की बापाला तोंड लपवावं लागत नाही.

बुधवार, २६ मार्च

दीपाची लक्षणं ठीक नाहीत. काल दुकानामागची मोकळी जागा टेप लावून मोजली. मी गेल्यावर बाबा ती भाड्याने देतील असा विचार असणार. पोरगी काळजी करते. आज जुन्या पाइप वाकवायच्या मशीनची चौकशी करत होती, ते बहुतेक पुण्याच्या कंपनीसाठी, आतापासूनच त्यांची कामं. संध्याकाळी पाटीवाला पेंटर येऊन आमच्या पाटीची लांबी-रुंदी घेऊन गेला. विचारलं तर म्हणाला, "ताईंनी बोलावलंय." जाण्याआधी बापाची पाटी रंगवून जाणार. मला जेवण गेलं नाही.

या पानावर हळदीच्या अंगठ्याचा ठसा दिसतोय. मी दुपारी कालवण खाऊन लिहायला बसलो होतो वाटतं.

शनिवार, ५ एप्रिल

दांड्या तयार झाल्या. जाड पाइप, दोन्ही टोकांना रबरी बुश, बोल्ट माझ्या अंगठ्याएवढे. मी खोट काढायला खाली गेलो आणि वीस मिनिटांनी काहीच न काढता बाहेर आलो. बुधा म्हणाला, "काय शेट?" मी म्हटलं, "खाली उकडतंय."

खरं सांगायचं तर एक खोट सापडली. पेट्रोलची टाकी मध्ये येते म्हणून आडवी दांडी आखूड झाली आहे. आखूड दांडी खड्ड्यात वरखाली होताना हौसिंगला बाजूला ओढते. लांब असती तर कमी ओढली असती. मी दीपाला सांगितलं नाही. ही पहिली लबाडी. नोंद करून ठेवतो.

रविवार, १३ एप्रिल

दांड्यांची फेरी. इंदुबाईने मडकं गळ्यापर्यंत भरून घेतलं, डिकीत जुन्या टायरच्या रिंगणात बसवलं. दीपा गाडी चालवायला, शेजारी बुधा. मी मागून स्कूटरवर, देखरेखीला.

मागून जे दिसलं ते लिहावं की नाही? लिहितो. खड्डा आला की घोळ खाली जायची आणि वर यायची, बस, एकदाच. दुसऱ्यांदा हलायची नाही. डाव्या हाताला मात्र थोडा झोक खायची. पालघरच्या पुलाजवळ एक ट्रॅफिक हवालदार शिट्टी तोंडात तशीच धरून बघत राहिला.

परत आल्यावर इंदुबाईने सोललेली काठी मडक्यात बुडवली आणि कोरडा भाग बोटांनी मोजला. चार बोटं सांडली. सगळी एकाच बाजूला. दीपाने लगेच गाडीखाली डोकं घातलं. "आडवी आखूड झाली. टाकीच्या मागून न्यायला पायजे होती." चेहऱ्यावर हरल्याचं काही नाही. उलट खूश. चूक सापडली की ती खूश होते. हे माझं नाही, आईकडून आलं असेल.

चार बोटं. जिंकायला मला तीन पुरे.

शुक्रवार, १८ एप्रिल

माझे पाटे झाले. भट्टीत लाल केले, कमान दिली, तेलात बुडवले. असं पाणी चढलंय पोलादाला की बोट लावलं तर वाजतं. जुन्या जोडीत सहा-सहा होते. मी आठ-आठ घातले. हात तिथे आपोआप गेला. चौतीस वर्षांत एकाही टँकरवाल्याने मला मऊ कर म्हटलेलं नाही. सगळे म्हणतात, "दोन पत्ती जादा डालो, सेठ."

दीपाने मोजले. "आठ?"

"मजबुतीला."

"बाबा, हिच्यात टँकरसारखं ॲसिड नाय भरायचं. इंदुआजीला बसवायचंय."

मला राग आला. पाट्यांतलं मला शिकवते! राग आल्यावर मी बरोबर असतो असा माझा अनुभव आहे.

मग संध्याकाळी एकटाच नवापूरपर्यंत फेरी मारून आलो. डिकीत पाण्याची कळशी ठेवली होती. किती पाणी उरलं ते इथे लिहीत नाही.

शनिवार, २६ एप्रिल

उद्या माझी फेरी. पाटे काढून पुन्हा सहा करायला वेळ नाही. वेळ आहे, पण मग दीपाचं खरं ठरेल.

काल आईची आठवण झाली. आमच्या दांडी गावात गोडं पाणी लांबच्या विहिरीवरून आणावं लागायचं. आई डोक्यावर दोन कळश्या घेऊन पाऊण तास चालायची आणि थेंब सांडायचा नाही. कळशीत आंब्याची डहाळी टाकायची. पाला वर तरंगला की पाणी हिंदकळत नाही. ताडीही पाण्यासारखीच. दीपा लहानपणी आजीबरोबर विहिरीवर जायची, पण तेव्हा ती पाच-सहा वर्षांची. तिला काय आठवतंय.

चूक आहे, मला कळतं. पण दोन मेला फक्त सहा दिवस आहेत आणि मला पोरगी घरी पाहिजे.

रविवार, २७ एप्रिल

जिंकलो. सविस्तर लिहितो, म्हणजे उद्या मलाच खोटं वाटायला नको.

इंदुबाईने मडकं भरलं, मी आणि बुधा निघालो. माझ्या फेरीला दीपा मागून आली नाही. म्हणाली, "तुमच्यावर देखरेख कशाला?" तरी मी पहिल्या वळणावर थांबलो. सकाळीच तोडून सीटखाली ठेवलेली डहाळी काढली. दोन छोट्या कैऱ्याही होत्या तिला. मडक्यात सोडली.

बुधा बघत होता. "शेट, ह्यो कसला नवस?"

"गप बस. तुला वेगळी ताडी पाजीन."

मग जो प्रवास झाला तो माझे दात सांगतील. आठ पाट्यांवर घोळ खड्ड्यात जात नव्हती, खड्ड्यावरून उडत होती. बुधाचं डोकं दोनदा टपाला लागलं. परतीला त्याच वळणावर थांबलो, डहाळी काढून कुंपणात फेकली आणि काठी बुडवून पाहिली. जेमतेम एक बोट सांडलेली!

बुधाने मान हलवली. "एवढी कमी? कोणाला पटायची नाय, शेट." आणि मी काही म्हणायच्या आत मडकं तिरकं करून एक बोट पिऊन टाकली. "आता खरी वाटते." अठरा वर्षांत याने मला दिलेला हा सर्वात हुशार सल्ला.

इंदुबाईने मोजली. दोन बोटं. मग वाटीभर काढून चाखली, जिभेवर घोळवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ताडीला कैरीचा वास येतोय रे."

मी म्हटलं, "सीझन आहे."

"हं," म्हणाली. म्हातारपणी जीभ जाते माणसाची.

दीपाने मडक्यात वाकून पाहिलं. बराच वेळ पाहत होती. मग सरळ झाली आणि म्हणाली, "जिंकलात बाबा." एवढंच. मी सांगणार होतो की थांब. पण कमलेश हात मिळवायला आला, बुधा झोकांड्या खात नाचायला लागला आणि राहून गेलं. गाडी वाडीवरच ठेवली.

सोमवार, २८ एप्रिल

आज सांगायचंच म्हणून सकाळी लवकर दुकानात गेलो. दीपा माझ्याआधी आली होती. माझ्यासमोरच फोन लावला. "सर, मी दीपा पागधरे, बोईसर. ती जागा अजून रिकामी आहे का? ... हो सर, विचार बदलला. ... परवा दुपारी निघते."

आजकालच्या मुलांची बोलायची रीतच वेगळी. रिकामी आहे का म्हणे. पत्र देऊन ठेवलंय ना त्यांनी?

मग तिने खडूचं चित्र फरशीवरून पुसून काढलं. दीड महिना ते कोणी पुसलं नव्हतं. बुधा बाहेर जाऊन बसला. मी म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "पुण्यात जेवणाचे हाल होतात. लोणचं घेऊन जा."

जिंकलो तरी ती चालली आहे. जिंकल्यावर तर माझ्या मनासारखं व्हायला हवं होतं. मग हे काय आहे?

मंगळवार, २९ एप्रिल

आज डायरी उघडली तर कालच्या मजकुराखाली हे लिहिलेलं सापडलं. अक्षर माझं नाही. जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे दोनदा वाचलं असं होईल:

"आवो, पोरीनं पुण्याची नोकरी होळीनंतरच्या सोमवारीच नाकारली. दुकानामागं तिला दांड्यांचं काम चालू करायचं होतं, जुन्या गाड्यांचं. पाटीवर तुमच्या नावाखाली तिचं नाव लिवायचं होतं. जिंकल्यावर तुमाला सांगणार होती, तुमी हौसेनं पेढे वाटलेत म्हणून आधी बोलायला घाबरली. मी दोन महिने हे वाचते नि कपाळावर हात मारते. आता वहीत लिवू नका. तिच्याशी बोला. कालवण झाकून ठेवलंय. — शकू."

म्हणजे हळदीचा तो अंगठा शकूचा.

रागवावं की नाही हे ठरवता आलं नाही. कालवण खाल्लं. म्हणजे ती जागा मोजत होती ते, मशीन, पेंटर, सगळं माझ्या नाकासमोर होतं. जी गाडी जागची हलणारच नव्हती तिच्या चाकाखाली मी महिनाभर दगड लावत बसलो, आणि त्याच दगडाने तिला ढकलून दिली.

बुधवार, ३० एप्रिल

सकाळी दीपाची बॅग दारात. मी म्हटलं, "दुपारपर्यंत वेळ आहे. कमलेशची गाडी एकदा चालवून बघायची आहे. चल."

स्कूटरवर बोलायचं ठरवलं होतं. तीन वेळा सुरुवात केली, तिन्ही वेळा समोर म्हैस आली.

वाडीवर इंदुबाईला म्हटलं, "काकी, एक मडकं भरून द्या."

तिने मडकं भरलं, काठीने गळ्यापर्यंत मोजलं आणि माझ्या हातात देताना म्हणाली, "आज नुसतंच ने हो, पुंडलिका. पाला नको."

कान तापले माझे. दीपा दुसरीकडे बघत होती.

गाडी मी चालवली. एकही खड्डा चुकवला नाही. दीपाने दोन्ही हातांनी दार धरून ठेवलं. डिकीतून आवाज येत होता, डबक्यात म्हशी लोळत असल्यासारखा. पुलापासून वळलो, परत आलो. वाडीच्या फाटकात डिकी उघडली. टायर, चटई, जॅक, सगळं ताडीत न्हालेलं. मी काठी बुडवली. मोजायची गरज नव्हती. मडकं अर्धं झालं होतं.

मी म्हटलं, "ही माझी खरी फेरी. रविवारची खोटी होती. मी त्यात डहाळी घातली होती."

"म्हाईत हाय," दीपा म्हणाली. "मडक्याच्या गळ्याला पान चिकटलं होतं. आजीची डहाळी मी कशी विसरीन?"

"मग बोलली का नाहीस?"

तिने खालचा ओठ चावला. लहानपणी पडल्यावर रडायच्या आधी असाच चावायची. "काय बोलू? बाबा कधी वजनकाट्यात खोट करत नायत, पाट्यात हलकं पोलाद घालत नायत. त्यांनी जिंकायला लबाडी केली. मला वाटलं, तुमाला मी इथून जायला पायजे. एवढी पायजे की त्यासाठी आजीची डहाळी घातलीत."

मी डिकीच्या काठावर बसलो, ताडीत. म्हटलं, "पोरी, तू जाऊ नये म्हणून घातली. मला वाटलं, तू जिंकलीस तर जाशील. पेढे वाटले त्या दिवशी मी भट्टीवर रडलो. भट्टीत काही नव्हतं. नको जाऊस. मला तू इथे पाहिजेस. हेच माझ्या मनात होतं."

ती माझ्या शेजारी बसली, तीही ताडीत. बराच वेळ दोघं रडलो आणि मग तिला हसू आलं, मलाही. इंदुबाई ओट्यावरून ओरडली, "रडून झालं असेल तर उरलेली अर्धी इकडे आणा, तापेल ती!"

दीपाने तिथूनच पुण्याला फोन लावला. पलीकडचे साहेब बरंच काही बोलले असावेत. ती दहा वेळा सॉरी सर म्हणाली, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे डोळे वटारून पाहत होती. मी तिच्या कपड्यांवरचा चटईचा काथ्या काढत बसलो. पुण्याला फोन करणाऱ्या माणसाच्या अंगाला ताडीचा एवढा वास येतोय हे त्या साहेबांना कळलं असतं तर त्यांनी स्वतःच सुटकेचा श्वास सोडला असता.

शनिवार, ३ मे

दीपाने आडवी दांडी टाकीच्या मागून नेली, लांब केली. काल फेरी झाली. दोन बोटं, खरी. इंदुबाई स्वतः मागे बसून पुलापर्यंत जाऊन आली. उतरल्यावर म्हणाली, "आमच्या ह्यांच्या वेळेसारखं." गाडीला दांड्या लागल्या. मी हरलो.

मग दीपा माझे पाटे घेऊन बसली, जोडीतले दोन-दोन काढले आणि म्हणाली, "आता बघा, किती छान हायेत." ते पाटे दुकानात टांगून ठेवणार आहे, जुन्या गाडीवाल्यांना दाखवायला. सहा-सहा. उरलेले चार तिने माझ्या हातात दिले. टँकरवाला आलाच तर देईन.

बुधाचं म्हणणं आहे की सहा पाट्यांचीही फेरी व्हायला हवी, आणि सीझन संपायच्या आत दोन-चारदा तरी. पेंटर आज पाटी लावून गेला. दीपाचं नाव माझ्या नावाएवढ्याच अक्षरात आहे. मी सांगितलं होतं थोडं मोठं कर, त्याला जागा पुरली नाही.

शकू, हे वाचलंस की सांग. उद्यापासून लिहीत नाही. बोलतो.